दवाखान्याच्या दारात पोलीस : विषयाचा शोधप्रश्न कसा होतो?



पेटचा निकाल लागला की मला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "विषय ठरलाय, आता आराखडा कसा लिहू?" विषय कोणता, असं विचारलं की उत्तर येतं, "स्थलांतर" किंवा "वसाहतकाळातलं सार्वजनिक आरोग्य". यात चूक काहीच नाही. पण हे अजून विषयच आहेत, त्यांचा प्रश्न झालेला नाही. विषय म्हणजे गावाचं नाव. त्या गावात कोणाचं दार ठोठवायचंय, ते सांगतो तो शोधप्रश्न. आज एका इतिहासकाराचं काम हाताशी घेऊन विषयाचा प्रश्न कसा होतो, ते पाहूया.

इतिहासकाराचं नाव क्लिफर्ड रोझेनबर्ग. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमधले फ्रान्सच्या इतिहासाचे अभ्यासक. त्यांची तीन कामं इथे महत्त्वाची आहेत. दोन महायुद्धांमधल्या काळात पॅरिसच्या पोलिसांनी स्थलांतरितांवर नियंत्रण कसं आणलं, यावरचं 'पोलिसिंग पॅरिस' हे २००६ सालचं पुस्तक. त्याआधी, २००४ मध्ये, पॅरिसमधल्या उत्तर आफ्रिकी लोकांच्या आरोग्यसेवेवर लिहिलेला एक लेख. आणि २०१२ मध्ये 'अमेरिकन हिस्टॉरिकल रिव्ह्यू'त आलेला, अल्जिअर्समधल्या लसचाचणीवरचा लेख. पोलीस, रुग्णालय आणि लस. वरवर पाहता तीन वेगळी कपाटं. पण सलग वाचलं की एकच धागा दिसू लागतो. खाली जे लिहितेय तो या लेखनाचा सारांश नाही. हे वाचून आणि आजूबाजूची माहिती जोडून मला दिसलेला धागा मी मांडतेय, तेव्हा मांडणीची जबाबदारी माझी.

थोडी पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे सुमारे १३ ते १४ लाख सैनिक मारले गेले. जखमी आणि कायमचे अपंग झालेले वेगळेच. शेतात, खाणीत, कारखान्यात माणूस नव्हता. युद्ध चालू असतानाच फ्रान्सने वसाहतींमधून आणि चीनमधून दोन लाखांहून जास्त मजूर आणले होते. युद्धानंतर इटली, पोलंड, स्पेन, बेल्जियम इथून लोक येतच राहिले. त्यात १९२४ मध्ये अमेरिकेने कोटा लावून आपलं दार जवळजवळ लावून घेतलं. १९३१ च्या जनगणनेत फ्रान्समध्ये सुमारे २७ लाख परदेशी नोंदले गेले. म्हणजे साधारण दर पंधरा माणसांमागे एक.

एवढं असूनही फ्रेंच इतिहासलेखनात स्थलांतर हा विषय फार काळ बाजूलाच पडला होता. जेरार नोआरिएल यांनी १९८८ साली 'फ्रेंच मूस' अशा अर्थाच्या शीर्षकाचं पुस्तक लिहून नेमकी हीच तक्रार केली. देशाची घडण सांगताना ज्यांच्या श्रमावर तो घडला त्यांना इतिहासाने वगळलं, असं त्यांचं म्हणणं. आराखड्यात आपण ज्याला 'संशोधनातील पोकळी' म्हणतो ना, तिचं हे चांगलं उदाहरण. "यावर कोणी लिहिलेलं नाही" एवढंच म्हणून पोकळी सिद्ध होत नाही. का लिहिलं गेलं नाही, आणि न लिहिल्यामुळे काय दिसेनासं झालं, हेही सांगावं लागतं.

फ्रेंच, पण नागरिक नाही

आता मुख्य पेच. इटालियन किंवा पोलिश मजूर हा कायद्याने परदेशी. १९१७ च्या आदेशानुसार त्याला ओळखपत्र घ्यावं लागे, ते रद्द करता येई आणि त्याला देशाबाहेर घालवता येई. अल्जीरियातून आलेल्या मजुराचं काय?

अल्जीरिया ही नुसती वसाहत नव्हती, कायद्याने ती फ्रान्सचाच भाग मानली जाई. १८६५ च्या निर्णयाने तिथल्या मुसलमानांना 'फ्रेंच' ठरवलं होतं, पण 'नागरिक' नाही. नागरिक व्हायचं तर विवाह-वारसा वगैरे बाबतींतला आपला धार्मिक कायदा सोडून स्वतंत्र अर्ज करावा लागे. फार थोड्यांनी तो केला. बाकीचे सगळे 'सुजे', म्हणजे प्रजाजन. मराठीत हा फरक आपल्याला चटकन कळतो, कारण 'प्रजा' आणि 'नागरिक' हे दोन्ही शब्द आपल्या कानावरून गेलेले आहेत. इंग्रजीतून वाचताना मात्र याच शब्दासाठी 'सब्जेक्ट' येतो आणि घाईत आपण तो 'विषय' म्हणून वाचून मोकळे होतो. संकल्पना मूळ भाषेत कशी होती ते तपासायची सवय आत्तापासून लावून घ्या.

तर हा माणूस नागरिक नाही, म्हणून त्याला मत नाही. पण तो परदेशीही नाही, त्यामुळे त्याला हद्दपार करता येत नाही. त्यातच १९१४ च्या कायद्याने अल्जीरियन मुसलमानांना फ्रान्सला जाण्यासाठी लागणारा परवाना रद्द झाला होता. माणूस बोटीत बसला की मार्सेयला उतरणार आणि तिथून पॅरिसला जाणार. अडवायचा कसा?

१९२४ मध्ये गृहखात्याने परिपत्रकं काढली. कामाचा करार, ओळखपत्र आणि वैद्यकीय दाखला असेल तरच प्रवास. फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने १९२६ मध्ये ती रद्द ठरवली. मंत्र्याने अधिकाराबाहेर जाऊन नियम केले, असं कारण दिलं. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रीतसर आदेश निघाला आणि ओळखपत्र, गुन्हे नसल्याचा दाखला, आरोग्यतपासणी या अटी थोड्या वेगळ्या रूपात परत आल्या.

इथे थांबा आणि यादीतला 'वैद्यकीय दाखला' पाहा. संसर्गजन्य आजार असलेला माणूस बोटीत चढू नये, यात कोणाला काय वावगं वाटणार? आणि म्हणूनच ही अट कामाची होती. जो माणूस कायद्याने परका ठरत नाही, त्याला आरोग्याच्या भाषेत परका ठरवता येतं. माझ्या वाचनात रोझेनबर्ग यांच्या तिन्ही कामांना जोडणारा धागा हाच. आता विषयाचा प्रश्न झाला बघा : कायद्याने 'आपल्या' असलेल्या माणसाला प्रजासत्ताकाने परक्यासारखं कसं वागवलं, आणि त्यात दवाखान्याचा वाटा काय होता?

र्यू लकोंत, क्रमांक ६

नोव्हेंबर १९२३ मध्ये पॅरिसच्या पंधराव्या विभागात, र्यू फोंदारी या रस्त्यावर, एका अल्जीरियन माणसाने भरदिवसा दोन बायकांना ठार मारलं. वर्तमानपत्रांनी हलकल्लोळ केला. एका माणसाचा गुन्हा सगळ्या उत्तर आफ्रिकींच्या नावावर चढला. पिएर गोदँ यांच्यासारख्या नगरपरिषद सदस्यांनी हीच वेळ साधली. गोदँ पूर्वी अल्जीरियात वसाहतीच्या प्रशासनात काम केलेले गृहस्थ. पॅरिसमधल्या उत्तर आफ्रिकींसाठी वेगळी यंत्रणा हवी, असा त्यांचा आग्रह. नगरपरिषदेने तो मान्य केला आणि १९२५ मध्ये सतराव्या विभागात र्यू लकोंत या रस्त्यावर कार्यालय सुरू झालं. प्रमुख म्हणून आणले आदोल्फ जेरोलामी. हेही अल्जीरियातले माजी प्रशासक.

या कार्यालयात काय काय होतं ते नीट पाहा. अरबी आणि कबायली भाषा जाणणारे पोलीस. काम मिळवून देणारा विभाग. मदतीचे अर्ज, कागदपत्रं, घरी पत्रव्यवहार. आणि दवाखाना, मुख्यतः क्षयरोग आणि उपदंशासाठी. सगळं एका छपराखाली. खोकला आला म्हणून गेलेल्या माणसाचं नाव-गाव-मालक-पत्ता पलीकडच्या टेबलावर पोहोचायला किती वेळ लागणार? पुढे, १९२६ मध्ये, पॅरिसमध्येच 'उत्तर आफ्रिकेचा तारा' ही संघटना उभी राहिली आणि मेसाली हाज यांच्या नेतृत्वाखाली तिने स्वातंत्र्याची मागणी केली. तेव्हा तिच्यावर नजर ठेवायलाही हीच यंत्रणा होती. र्यू लकोंत बंद करा, ही त्या संघटनेची ठळक मागणी होती.

आता सावध राहायची जागा. "दवाखाना हे नुसतं सोंग होतं, खरं काम हेरगिरीचं" असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. पण माणसं तिथे जात होती. काही नाइलाजाने, कारण बेकारीची मदत किंवा कागद दुसरीकडे मिळत नव्हते. काही औषधासाठी, काही आपली भाषा समजणारा कारकून तिथेच भेटतो म्हणून. औषध खरं होतं आणि पाळतही खरी होती. एकाला खरं ठरवण्यासाठी दुसऱ्याला खोटं ठरवलं, की संशोधन तिथेच संपतं आणि भाषण सुरू होतं.

बोबिन्यीचं रुग्णालय

दवाखान्यानंतरची पायरी रुग्णालयाची. पॅरिसच्या ईशान्येला बोबिन्यी या उपनगरात 'फ्रँको-मुस्लिम रुग्णालय' मार्च १९३५ मध्ये सुरू झालं. दर्शनी दरवाजा मूरिश शैलीतला, भव्य, आजही उभा. आत प्रार्थनेची सोय, धर्माला चालेल असं जेवण, भाषा जाणणारे कर्मचारी. दोन वर्षांनी, १९३७ मध्ये, जवळच मुस्लिम दफनभूमीही झाली. पॅरिसची मोठी मशीद १९२६ मध्येच उघडली होती. तेव्हाच्या सरकारी नजरेतून पाहिलं तर साम्राज्याने आपल्या मुस्लिम प्रजेवर दाखवलेली ही मायाच होती.

पण तीन गोष्टी शेजारी शेजारी मांडा. एक, रुग्णालयाचे संचालक कोण? र्यू लकोंतचेच जेरोलामी. दोन, ठिकाण कुठे? उत्तर आफ्रिकी मजूर मोठ्या संख्येने राहत होते ते पश्चिमेला आणि वायव्येला, मोटारींच्या आणि गॅसच्या कारखान्यांजवळ. रुग्णालय शहराच्या दुसऱ्या टोकाला. तीन, ते उघडल्यावर शहरातल्या इतर रुग्णालयांतून उत्तर आफ्रिकी रुग्ण तिकडे रवाना होऊ लागले. म्हणजे 'तुमच्यासाठी खास' या शब्दांचा दुसरा अर्थ 'इथे नको' असाही झाला.

विरोध कोणी केला, तेही पाहण्यासारखं आहे. बोबिन्यीची नगरपालिका कम्युनिस्टांच्या हातात होती आणि तिने या रुग्णालयाला विरोध केला. त्यात वसाहतवादी पोलिसी कारभाराला विरोध होता आणि पॅरिसला नकोशा झालेल्या गोष्टी आमच्या उपनगरात का, ही नाराजीही होती. एकाच ठरावात तत्त्व आणि परसदार दोन्ही असू शकतं, हे आपल्या नगरपालिकांच्या बैठका ज्यांनी पाहिल्यात त्यांना वेगळं सांगायला नको.

हे रुग्णालय पुढे सगळ्यांसाठी खुलं झालं आणि १९७८ मध्ये त्याला मध्ययुगीन वैद्य-तत्त्वज्ञ इब्न सिना यांचं नाव मिळालं. 'आव्हिसेन' या नावाने ते आज पॅरिस भागातलं एक मोठं सार्वजनिक रुग्णालय आहे. म्हणजे वेगळं ठेवण्यासाठी बांधलेली वास्तू पुढे त्या उपनगरातल्या सगळ्याच लोकांच्या उपयोगी पडली. संस्थेचा हेतू आणि संस्थेचं आयुष्य या दोन गोष्टी वेगळ्या तपासा, असं मी म्हणते ते यासाठी.

रोग कोणी कोणाला दिला?

क्षयरोगाकडे वळूया, कारण खरी गोम इथे आहे. १९२० मध्ये पाश्चर संस्थेचे आमेदे बोरेल यांनी फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या छावण्यांतल्या आफ्रिकी सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फ्रान्सला येण्याआधी यातल्या बहुतेकांचा क्षयाच्या जंतूशी संबंधच आलेला नव्हता, असं ट्यूबरक्युलिन चाचणीतून दिसत होतं. इथे आल्यावर त्यांना झालेला क्षय मात्र अतिशय वेगाने माणूस घेऊन जाई. थोडक्यात, रोग युरोपात होता आणि माणसं बाहेरून आली होती.

या एकाच निरीक्षणातून दोन वाटा फुटतात. पहिली म्हणते : या लोकांच्या शरीरातच प्रतिकारशक्ती कमी, ते 'कोरी जमीन' आहेत, म्हणून त्यांना तपासा, वेगळं ठेवा, परत पाठवा. दुसरी म्हणते : एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी दहा माणसं, खिडकी नसलेली भाड्याची घरं, अर्धपोटी काम. घरं सुधारा. पहिली वाट पोलिसांना परवडते, दुसरी घरमालक आणि कारखानदारांच्या खिशात हात घालते. सत्तेने कोणती वाट धरली असेल ते सांगायला नको. पण शास्त्रीय वाद प्रामाणिक होता, सगळे डॉक्टर ढोंगी नव्हते, हेही नोंदवायला हवं. वैद्यकीय ज्ञानाचा इतिहास लिहिताना 'हे खरं होतं का' याच्या बरोबरीने 'यातलं काय उचललं गेलं आणि काय पडून राहिलं' हे विचारायचं असतं.

आणि आजारी पडलेला मजूर शेवटी जाणार कुठे? गावी. कबायली डोंगरात, आपल्या माणसांत. म्हणजे पॅरिसमध्ये घेतलेला क्षय बोटीने अल्जीरियात पोहोचे. तिथल्या डॉक्टरांची काळजी त्यामुळे उलट्या दिशेची होती. एकाच समुद्राच्या दोन किनाऱ्यांवर दोन सरकारी कार्यालयं एकाच माणसाकडे बघून म्हणताहेत, "रोग तुमच्याकडून आला."

कास्बातली बाळं

आता तिसरं कपाट : लस. तुमच्या डाव्या दंडावर बहुधा एक लहानसा गोल व्रण असेल. ती बीसीजी. अल्बेर काल्मेत आणि कामीय गेरँ यांनी १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षं गाईच्या क्षयाचा जंतू २३० वेळा नव्या माध्यमावर वाढवत तो निरुपद्रवी केला. बीसीजीच्या नावात या दोघांची आद्याक्षरं आहेत. काल्मेत हे वसाहती वैद्यकातच घडलेले, सायगावच्या पाश्चर संस्थेचे संस्थापक. १९२१ मध्ये पॅरिसमध्ये पहिल्या बाळाला लस दिली गेली आणि काही वर्षांत ती मोठ्या प्रमाणावर वाटली जाऊ लागली.

काल्मेत यांचा दावा असा की लस दिलेल्या बाळांत मृत्यू खूप कमी. १९२८ मध्ये ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ मेजर ग्रीनवुड यांनी या आकड्यांची चिरफाड केली. (मेजर हे त्यांचं नाव बरं का, हुद्दा नव्हे!) मुद्दा साधा होता. लस घ्यायला जी आई पुढे येते, ती मुळातच बाळाची जास्त काळजी घेणारी असण्याची शक्यता आहे. मग बाळ वाचलं ते लसीमुळे की काळजीमुळे? तुलना कोणाशी केली तेच धड नाही. त्यातच १९३० मध्ये जर्मनीतल्या ल्यूबेक शहरात लसीच्या साठ्यात जिवंत घातक जंतू मिसळले गेले आणि ७० हून जास्त बाळं दगावली. दोष प्रयोगशाळेचा होता, पण बदनामी लसीची झाली.

तेव्हा धड तुलना असलेली चाचणी हवी होती. ती कुठे झाली? अल्जिअर्सच्या जुन्या शहरात, कास्बात. अल्जीरियाच्या पाश्चर संस्थेचे एदमों सेर्जाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३५ पासून तिथल्या नवजात बाळांचे दोन गट केले. एका गटाला लस, दुसऱ्याला नाही. दोन्ही गटांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. दाट वस्ती, एकसारखी गरिबी, क्षय भरपूर आणि घरोघरी जाऊन नोंद ठेवणारी यंत्रणा. शास्त्राच्या दृष्टीने जागा उत्तम.

प्रश्न हा की फ्रान्समध्ये जे केलं नाही, ते इथे का करता आलं? या बाळांचे आईबाप प्रजाजन होते, नागरिक नव्हते. पुन्हा तोच धागा. मात्र इथेही घाई नको. लस उपयोगी आहे की नाही हे खरंच माहीत नसताना तुलनेचा गट ठेवणं हे चांगलं शास्त्र आहे. आज आपण त्याचाच आग्रह धरतो. म्हणजे पॅरिसच्या बाळांना अपुरा पुरावा असलेली लस मिळाली आणि काटेकोर शास्त्र वाट्याला आलं ते कास्बाच्या बाळांच्या, तेही त्यांना कोणी न विचारता. यात कोणावर अन्याय झाला? मला याचं एका ओळीत उत्तर देता येत नाही, आणि चांगल्या शोधप्रश्नाची खूण हीच आहे, असं मी मानते.

या साखळीचा आपल्याकडचा दुवा लांबचा नाही. भारतात बीसीजीचं काम १९४८ मध्ये सुरू झालं. १९५५ मध्ये राजगोपालाचारींनी तिला जाहीर विरोध केला. १९६८ पासून मद्रासजवळ चिंगलपेट भागात प्रचंड मोठी चाचणी झाली आणि प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयावर लसीचा उपयोग तिथे दिसला नाही. लहान मुलांतल्या गंभीर क्षयासाठी मात्र ती आजही जन्मतः दिली जाते, आणि पुण्यात तयारही होते.

कागद कोणी लिहिला?

आता तुमच्या कामाचं. हा सगळा इतिहास कशावरून लिहिता येतो? पॅरिस पोलिसांच्या नोंदी, नगरपरिषदेच्या छापील चर्चा, एक्स-आँ-प्रोव्हाँसमधला वसाहतींचा दप्तरखाना, पाश्चर संस्थेची नियतकालिकं. फ्रेंच पोलिसांची बरीच दप्तरं दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी नेली, तिथून ती मॉस्कोला पोहोचली आणि १९९० च्या दशकात परत आली. कागदही स्थलांतर करतात!

यातला प्रत्येक कागद कोणीतरी कोणासाठी तरी लिहिलाय. गोदँ नगरपरिषदेत बोलतात तेव्हा त्यांना पैसे मंजूर करून घ्यायचे असतात, म्हणून रोगाचं चित्र भडक. जेरोलामींचा अहवाल वरिष्ठांना जातो, म्हणून त्यात यश भरपूर. रुग्ण बोलतो तो फक्त कारकुनाच्या शब्दांत. १९५२ मध्ये फ्रान्झ फानों यांनी 'उत्तर आफ्रिकी लक्षणसमूह' अशा शीर्षकाचा लेख लिहून नजर उलटी फिरवली. रुग्णाऐवजी त्याच्यावर आधीच संशय घेणाऱ्या डॉक्टरला त्यांनी तपासायला बसवलं. असा उलटा आरसा मिळाला तर सोडू नका. तो वीस-पंचवीस वर्षांनंतरचा आहे, हे मात्र तळटीपेत लिहा.

दोन घाईचे निष्कर्ष

पहिला : "पुढे जे झालं ते इथेच ठरलं होतं." जुलै १९४२ मध्ये पॅरिसच्या पोलिसांनी आपल्याच कार्डांच्या आधारे सुमारे १३ हजार ज्यू स्त्री-पुरुष-मुलांना पकडलं. ऑक्टोबर १९६१ मध्ये याच शहरात शांततेने निघालेल्या अल्जीरियनांच्या मोर्चावर पोलिसांनी प्राणघातक हल्ला केला. कार्डांची सवय १९२० च्या दशकातली हे खरं. पण १९२५ चा कारकून १९४२ साठी कार्ड भरत नव्हता. मधल्या प्रत्येक वळणावर कोणीतरी निर्णय घेतला. त्यांची नावं आणि तारखा शोधणं हे आपलं काम. सगळं आधीच ठरलेलं होतं असं म्हटलं, तर दोषी कोणीच उरत नाही.

दुसरा : "आपल्याकडेही असंच होतं, रँडचं पुणं आठवा." १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात सैनिक घरात शिरले, हे आपल्या स्मरणात पक्कं बसलंय, म्हणून तुलना आपोआप सुचते. पण तिथे साथ होती, आणीबाणी होती, बळ उघड होतं आणि राग २२ जून १८९७ ला गोळीतून बाहेर पडला. पॅरिसमध्ये आजार सावकाश मारणारा, बळ टेबलामागे बसलेलं आणि मदत खरीच मिळत होती. तुलनेत साम्यापेक्षा फरक जास्त शिकवतो. मेरी लुईस यांनी लिओं आणि मार्सेय या शहरांवर २००७ मध्ये पुस्तक लिहिलं. पॅरिसची गोष्ट म्हणजे फ्रान्सची गोष्ट नव्हे, हे अशा शेजारच्या तुलनेतूनच कळतं. आधी शेजारी बघा, मग समुद्रापलीकडे.

तुमच्यासाठी गृहपाठ

मग या कामातून आपल्या आराखड्यात न्यायचं काय? फ्रान्स नव्हे, त्यांची विचारण्याची रीत. एक उदाहरण देते. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून, घाटावरून आलेला कामगार आजारी पडला की गावी जायचा. घरोघरच्या आठवणींत हे आहे. म्हणजे त्याचा क्षय चाळीत लागला तरी मृत्यू रत्नागिरी किंवा सातारा जिल्ह्यात नोंदला जाणार, किंवा नोंदलाच जाणार नाही. मग मुंबईच्या मृत्यूच्या आकड्यांवर कितपत विसंबायचं? गिरणीच्या डॉक्टरने दिलेला दाखला कामगाराच्या बाजूचा होता की मालकाच्या? आणि गावाला रोगाबद्दल काय वाटत होतं, पोटापाण्याला गेलेल्या माणसाबद्दल काय? कबायली डोंगर आणि कोकण यांच्यात साम्य आहे असं माझं म्हणणं नाही. पण प्रश्न विचारायची ही जागा आपल्याकडेही मोकळी आहे.

आराखड्याचा कागद पुढे ओढा आणि तीन ओळी लिहा. पहिल्या ओळीत, तुमच्या विषयातला असा एक माणूस जो कोणत्याच रकान्यात नीट बसत नाही. दुसऱ्या ओळीत, त्याला रकान्यात बसवण्यासाठी निघालेला एक कागद : दाखला, कार्ड, पावती, काहीही. तिसऱ्या ओळीत, तो कागद मिळाल्याने त्या माणसाचं काय साधलं आणि काय गेलं. तिसरी ओळ लिहिताना अडलात, तर वाईट वाटून घेऊ नका. गाईडकडे जाताना तीच ओळ घेऊन जा.